डिकॅलवरील बुडबुडे आणि सुरकुत्या : घाई टाळा, विमान वाचवा

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून विमानाची छोटी प्रतिकृती घडविण्याचा छंद मोठ्या चिकाटीचा. भाग कापणे, घासणे, जोडणे, रंगविणे यांत महिना-दोन महिने सहज निघून जातात. त्यानंतर येतो डिकॅल लावण्याचा टप्पा. विमानावरील वर्तुळाकार राष्ट्रचिन्ह, शेपटीवरील पट्टे, क्रमांक आणि बारीक सूचना हे सारे पाण्यात भिजवून सरकवायच्या या पातळ पापुद्र्यावर छापलेले असते. नेमक्या याच टप्प्यावर बुडबुडे उठतात, सुरकुत्या पडतात आणि महिन्याभराच्या मेहनतीवर दहा मिनिटांत पाणी फिरते. मात्र यातील बहुतेक दोष दुरुस्त करता येतात. त्यासाठी ते मुळात का निर्माण होतात, हे समजून घ्यायला हवे.

बुडबुडा येतो कोठून?

डिकॅलचे तीन थर असतात. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंकासारखा चिकट थर आणि सर्वांत वर पारदर्शक पापुद्रा. शाईची छपाई या पापुद्र्यावरच असते. पाण्यात भिजल्यावर चिकट थर सुटतो आणि पापुद्रा कागदावरून सरकू लागतो.

लढाऊ विमानाचा रंग बहुधा निस्तेज, म्हणजे 'मॅट' असतो. डोळ्यांना तो सपाट वाटला, तरी त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म उंचवट्यांनी भरलेला असतो. पापुद्रा या उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो आणि मधल्या खळग्यांत हवा अडकते. ही हवा प्रकाश विखुरते आणि चिन्हाभोवतीचा पारदर्शक भाग चंदेरी दिसू लागतो. म्हणजेच दोष डिकॅलचा नसतो, तर त्याखालच्या पृष्ठभागाचा असतो.

म्हणूनच डिकॅल लावण्यापूर्वी संपूर्ण विमानावर पारदर्शक चकचकीत वार्निशचा हात द्यावा आणि तो किमान २४ तास वाळू द्यावा. मुंबई-कोकणातील पावसाळी दमट हवेत हा अवधी दुप्पट धरलेला बरा. 'पुढे चकाकी नको असेल तर?' ही शंका रास्त आहे. सर्व डिकॅल बसल्यावर शेवटी मॅट वार्निश मारले, की चकाकी नाहीशी होते.

दोन बाटल्या, दोन कामे

या कामासाठी दोन प्रकारची द्रावणे मिळतात. अमेरिकेतील मायक्रोस्केलची 'मायक्रो सेट' व 'मायक्रो सोल' आणि जपानमधील 'मिस्टर मार्क सेटर' व 'मिस्टर मार्क सॉफ्टर' या जोड्या छंदप्रेमींच्या परिचयाच्या आहेत. यांतील 'सेट' वा 'सेटर' डिकॅल ठेवण्यापूर्वी पृष्ठभागावर लावायचे. त्याने डिकॅल नीट चिकटते. 'सोल' वा 'सॉफ्टर' डिकॅल जागेवर बसल्यानंतर वरून लावायचे. ते पापुद्रा मऊ करते. मऊ झालेला पापुद्रा पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषांत आणि रिबिटांवर रंगासारखा बसतो.

नवखा मनुष्य नेमका येथेच फसतो. मऊ करणारे द्रावण लागताच डिकॅलवर काही मिनिटांत भयंकर सुरकुत्या उमटतात. घाबरून बोट लावले, की पापुद्रा फाटलाच म्हणून समजा. या सुरकुत्या दोष नव्हेत. पापुद्रा मऊ होत असल्याची ती खूण आहे. हात न लावता तासाभराने पाहावे. द्रावण उडून जाताना बहुतेक सुरकुत्या आपोआप सपाट झालेल्या दिसतात. मात्र काही डिकॅलना आणि काही रंगांना ही द्रावणे सोसत नाहीत. त्यामुळे आधी एखाद्या निरुपयोगी डिकॅलवर आणि लपलेल्या कोपऱ्यावर चाचणी घ्यावी. काम करताना खोलीत हवा खेळती असावी.

डिकॅल ओले असताना

बुडबुडा तत्काळ दिसला, तर ओल्या मऊ कुंचल्याने अथवा कापूस गुंडाळलेल्या काडीने मध्यापासून कडेकडे हळूवार नेत पाणी व हवा बाहेर काढावी. काडी घासू नये, लाटण्याप्रमाणे फिरवावी. डिकॅल स्वतःवरच दुमडले असेल, तर नखाने सोडवण्याचा प्रयत्न करू नये. कुंचल्याने अलगद उचलून ते पुन्हा पाण्याच्या वाटीत सोडावे. पाण्यावर तरंगताना घडी बहुधा उलगडते.

डिकॅल वाळल्यानंतर

विमान दिव्याखाली तिरके धरावे, म्हणजे अडकलेली हवा उठून दिसते. बारीक सुईने अथवा नव्या पात्याच्या टोकाने बुडबुड्याला दोन-तीन छिद्रे पाडावीत. त्यावर मऊ करणाऱ्या द्रावणाचा एक थेंब ठेवावा. तो छिद्रांतून आपोआप आत ओढला जातो. पूर्ण वाळू द्यावे आणि गरज भासल्यास तीन-चार वेळा हीच कृती करावी. एकाच वेळी भरपूर द्रावण ओतण्याचा मोह टाळावा.

वाळून घट्ट झालेल्या सुरकुतीवर तिच्या रेषेतच नव्या पात्याने चीर द्यावी. द्रावण लावून दोन्ही कडा खाली बसू द्याव्यात आणि उरलेली फट जुळत्या रंगाने भरावी. इंधनटाकीच्या टोकासारख्या दोन्ही दिशांनी वळणाऱ्या भागावर सपाट पापुद्रा मुळातच बसत नाही. तेथे शिंपी कापडाला गोलाई देताना चिरा देतो, तशा कडेला छोट्या चिरा आधीच द्याव्यात.

हट्टी डिकॅलसाठी काही जण केस वाळवण्याचे यंत्र वापरतात. ते मंद आचेवर आणि दूरच धरावे. या प्रतिकृती ज्या पॉलिस्टायरीनच्या असतात, ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. डिकॅल सपाट झाले आणि पंख वाकला, असे व्हायला नको.

शेवटचा हात

सर्व डिकॅल वाळल्यावर ओल्या कापडाने चिकटद्रवाचे डाग पुसावेत आणि दिवसभराने संरक्षक वार्निश मारावे. त्यापूर्वी एकवार प्रत्येक चिन्ह तिरक्या प्रकाशात तपासावे. वार्निशखाली गेलेल्या बुडबुड्यापर्यंत द्रावण पोहोचणे कठीण असते.

१९६३ मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झालेल्या मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी निरोप देण्यात आला. आता ते अनेकांच्या घरी १/७२ प्रमाणातील, जेमतेम वीतभर लांबीच्या प्रतिकृतीतच उरेल. बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि केंद्रात हिरवे असे तिरंगी वर्तुळ त्यावर रंगविल्यासारखे दिसले, तरच ती प्रतिकृती खरी वाटते. त्याभोवती चंदेरी कडा दिसली, की ते खेळणे ठरते. हा फरक महागड्या साहित्याने पडत नाही. गुळगुळीत पृष्ठभाग, थेंबभर द्रावण आणि तासभर हात आवरण्याची तयारी एवढ्यानेच तो पडतो.