आई आणि मुलगा : ‘हॅम्लेट’मधील एक प्रवेश

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. विलायतेतील नाटकावर मी काही लिहीन असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण यंदा माझ्या मुलाने कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी ‘हॅम्लेट’मधला एक प्रवेश घेतला. पाठांतराला जोडीदार मिळेना, तेव्हा मराठी भाषांतराचे पुस्तक माझ्या हाती देऊन तो म्हणाला, “आई, तू राणीची वाक्ये वाच.” आठ दिवस रात्रीची भांडी आवरली की आमची तालीम चाले. त्यानंतर या नाटकाची माहिती मी त्याच्याकडून आणि वाचनालयातील पुस्तकांतून गोळा केली. तीच येथे सांगते.

शेक्सपियरने हे नाटक सन १६०० च्या सुमारास लिहिले. कथा डेन्मार्कच्या राजघराण्यातली. राजा अचानक मरण पावतो आणि पुरते दोन महिने होण्याच्या आतच राणी गर्ट्रूड आपल्या दिराशी, क्लॉडियसशी लग्न करते. मुलगा हॅम्लेट आधीच दुःखी असतो. त्यात बापाचे भूत येऊन त्याला सांगते, की या माझ्या भावानेच कानात विष ओतून मला मारले. तू सूड घे, पण आईला दुखवू नकोस, तिला देवावर सोपव.

आमचा प्रवेश तिसऱ्या अंकातला, राणीच्या खासगी खोलीतला. मुलाचे वेडाचार वाढले म्हणून त्याला समज देण्यासाठी राणीने त्याला बोलावलेले असते. म्हातारा प्रधान पोलोनियस ऐकण्यासाठी भिंतीवरच्या पडद्यामागे लपतो. पण मुलगाच आईला खाली बसवून बोलू लागतो. ती घाबरून ओरडते, पडद्यामागून म्हाताराही ओरडतो, आणि राजाच आहे असे समजून हॅम्लेट पडद्यातून तलवार खुपसतो. प्रेत तिथेच पडलेले असते आणि मुलगा आईची खरडपट्टी काढीत राहतो. पहिल्या नवऱ्याची आणि दुसऱ्याची अशा दोन तसबिरी दाखवून तो विचारतो, की तुला डोळे नव्हते काय? ती पुरे पुरे म्हणून विनवते. तेवढ्यात भूत येते आणि मुलाला आईशी नीट बोलायला सांगते. ते फक्त हॅम्लेटला दिसते. आईला वाटते, पोराचे डोके फिरले.

मी राणीची वाक्ये वाचत होते, म्हणून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या वाट्याला फारच थोडे बोलणे होते. साऱ्या नाटकात हॅम्लेटच्या बोलण्याच्या जेमतेम दहावा हिस्सा तिचे बोलणे आहे. दुसरी गोष्ट अशी, की राजाच्या खुनाचा उल्लेख होताच ती चमकून तेच शब्द पुन्हा उच्चारते. तिला काही ठाऊक असते तर ती अशी चमकती काय? आणि मुलगाही खून कसा झाला हे तिला नीट सांगतच नाही. त्याचे सारे बोलणे तिच्या दुसऱ्या लग्नावर. खून दिराने केला, पण उलटतपासणी झाली ती आईची!

तिला खुनाची माहिती होती की नव्हती, यावर विद्वानांचा वाद अजून चालतो. १६०३ साली छापलेल्या पहिल्या प्रतीत राणी शपथेवर सांगते, की मला यातले काही ठाऊक नव्हते, आणि मुलाला सुडात मदत करण्याचे वचनही देते. पुढे निघालेल्या मोठ्या प्रतीत ही शपथ नाही. म्हणजे आईची बाजू सांगणारे जे थोडे होते, तेही गेले.

त्या काळच्या इंग्रज प्रेक्षकांना दिराशी लग्न ही गोष्ट का खटकत असेल, हेही सांगते. राजा आठवा हेन्री याचा थोरला भाऊ आर्थर १५०२ साली वारला. त्याची विधवा कॅथरिन हिच्याशी हेन्रीने पोपची परवानगी काढून १५०९ साली लग्न केले. पण दुसरी राणी करायची झाली तेव्हा भावाची विधवा धर्माने निषिद्ध आहे असे कारण पुढे आले, आणि १५३३ मध्ये ते लग्न रद्द ठरवण्यात आले. त्या दुसऱ्या राणीची मुलगी एलिझाबेथ, आणि तिच्याच कारकिर्दीच्या अखेरीस हे नाटक रंगभूमीवर आले. भावाच्या विधवेशी लग्न करण्याची कायद्याने मोकळीक इंग्लंडात १९२१ साली मिळाली. राणीचे काम तेव्हा मुलगेच करीत. इंग्लंडच्या रंगभूमीवर बायका आल्या त्या १६६० नंतर.

आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकरांनी या नाटकाचे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले. ते १८८३ साली छापले गेले. गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन, म्हणजे आपला हॅम्लेट, त्या काळी फार गाजला. आगरकर जन्मले १८५६ च्या जुलैमध्ये, आणि हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदाही त्याच महिन्यातला. पुढे विधवाविवाहाचा त्यांनी किती कैवार घेतला हे सर्वांस माहीत आहे. अशा माणसाने, विधवा आईला लग्नाबद्दल मुलगा बोल लावतो ते नाटक मराठीत आणावे, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, नाटकातले पाप खुनाचे आहे. विधवेने लग्न केले हे पाप नव्हे. हॅम्लेटला दुःखात हा फरक दिसला नाही.

आता घरची एक गोष्ट. माझी मावशी बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली आणि वर्षाच्या आत तिने एका बिजवराशी लग्न केले. तिचा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आमच्या स्वयंपाकघरात तो तिला वाटेल ते बोलला. मी बारा वर्षांची, दाराच्या पडद्याआड उभी राहून सगळे ऐकले. मावशी एवढेच म्हणाली, “आधी दोन घास खाऊन घे.” तो तसाच निघून गेला. मी त्याची बाजू घेतली, आणि पुढे कितीतरी वर्षे चार बायकांत ती हकिकत मावशीला नावे ठेवूनच सांगत आले.

नाटकातली राणी एवढे ऐकूनही मुलाचे गुपित फोडीत नाही. वेड हे सोंग आहे असे त्याने सांगितले असते, तरी राजाला ती तो खरोखर वेडा आहे असेच सांगते. शेवटी राजा नको म्हणत असताना मुलाच्या यशासाठी ती पेला उचलते, आणि तो विषाचा निघतो.

स्नेहसंमेलन झाल्यावर मी मावशीकडे गेले. ती आता बरीच थकली आहे. मी विचारले, “तेव्हा तू लग्न का केलेस?” ती म्हणाली, “घरात दोन महिन्यांचे भाडे थकले होते, आणि त्याची शाळा सुटणार होती. हे आजवर कुणी विचारले नाही ग.”

मी तिचे पाय धरले. मावसभावाला पत्र लिहिले आहे. उत्तराची वाट पाहते.