दऱ्यांचा दर्या का होतो?

संगणकावर 'दऱ्या' लिहायला जावं तर उमटतं 'दर्या'. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्रच! कीबोर्ड बिघडलेला नसतो, हा जुना घोळ आहे.

टायपिंग शिकलेली बोटं संगणकावर आली, तेव्हा फाँटवाल्यांनी रेमिंग्टन टाइपरायटरचीच कळरचना उचलली. पण त्या फाँटमध्ये आत साठायची इंग्रजी अक्षरं, वर नुसता मराठी मुखवटा. फाँट नसला की सगळं अगम्य. त्या काळात टाइप केलेले ठराव, याद्या आज उघडून बघा. वाचताही येत नाहीत, शोधताही येत नाहीत. मी तरी अशा दप्तराला सार्वजनिक म्हणणार नाही.

आणि पर्याय नव्हता असंही नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट १९८६ मध्येच ठरवलं होतं, युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. (आपला 'ॲ' मात्र २००८ पर्यंत ताटकळला!)

आता विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी जोडा, हिंदी नको. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो. इनस्क्रिप्टमध्ये 'जे'वर र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबा, मग 'डी'वरचं हलन्त, मग य. ऱ्य तयार.