नीमे पन्नास

जुन्या हुंडीत रक्कम एकदाच लिहून भागत नसे. रुपये 100, नीमे, म्हणजे निम्मे, 50, त्याची दुप्पट 100 पुरे, असे लिहीत. दोन्ही आकडे ताडून मगच सावकार पैसे मोजी.

इंझोरीच्या शाळेत हे शिकवताना मला 2014 साल आठवते. संगणकांचे निरोप कुलूपबंद करणारा ‘ओपनएसएसएल’ हा आज्ञासंग्रह जगभर वापरात होता; कोणीही वाचावा असा खुला. जोडणी जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला म्हणे, “हा शब्द, इतक्या अक्षरांचा; परत पाठव.” शब्द चार अक्षरी आणि आकडा 64 हजारांचा असला, तरी दुसरा न मोजता आपल्या स्मृतीतली पुढची अक्षरे देऊन टाकी. त्यांत लोकांचे परवलीचे शब्द असत, प्रसंगी कुलपाची किल्लीसुद्धा!

मार्च 2012 मध्ये बाहेर पडलेली ही चूक गूगलचे नील मेहता आणि फिनलंडचे कोडेनोमिकॉन यांना स्वतंत्रपणे सापडली. ‘हार्टब्लीड’ नावाने 7 एप्रिल 2014 रोजी ती जाहीर झाली. दुरुस्तीही त्याच दिवशी. दुरुस्ती ती काय? आकडा आणि अक्षरे ताडून पाहणे. आमचे नीमेच की!

वही दोन वर्षे उघडीच होती, वाचकहो. पण उघडी वही आपोआप तपासली जात नाही, हे आम्हां मास्तरांखेरीज कोण जाणणार?