छायाचित्राचा विषय : बंगळूर ते तंजावर

छायाचित्रकाराची निवड प्रथम डोळा करतो. यंत्राचे काम त्यानंतरचे. कशाचे चित्र घ्यावे आणि कशाकडे पाठ फिरवावी, या निर्णयावरच पुढील पिढ्यांना गतकाळाचा कोणता भाग दिसणार हे अवलंबून असते. आपण ज्या नगरीत संसार थाटले, त्या बंगळूरशी निगडित असलेला या निवडीचा एक इतिहास सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने स्मरणे उचित होईल.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्याच वर्षी लिनिअस ट्राइप हा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतील अधिकारी विलायतेतील दीर्घ रजा संपवून बंगळूरच्या छावणीत परतला. रजेच्या काळात त्याने ही नवी कला आत्मसात केली होती. डिसेंबरात तो हळेबीड, बेलूर व श्रवणबेळगोळ येथे गेला आणि तेथील शिल्पांची चित्रे त्याने कागदी निगेटिव्हवर घेतली. १८५५ च्या मद्रास प्रदर्शनात ती वाखाणली गेली. पुढल्याच वर्षी मद्रास सरकारने त्याला आपला छायाचित्रकार नेमले. ज्या वास्तू व शिल्पे काळाच्या ओघात नष्ट होतील, त्यांची नोंद वेळीच व्हावी, हा या कामामागील हेतू होता.

त्या काळी एका चित्राला पुष्कळ वेळ प्रकाश द्यावा लागे. हलणारा मनुष्य धूसर उमटे; दगड मात्र स्पष्ट येई. विषयाची निवड अशी काही अंशी साधनानेच ठरविली होती. परंतु दगडातले काय घ्यावे, हे ट्राइपने ठरविले.

१८५७ च्या अखेरीस तो बंगळूरहून निघाला आणि रायकोट, श्रीरंगम, मदुरा असे टप्पे घेत १८५८ साली तंजावरला पोहोचला. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीतून त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरास गेले होते, हे येथे सहज आठवते. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने ते राज्य खालसा केले. म्हणजे ट्राइपचा कॅमेरा तेथे पोहोचला, तेव्हा मराठी सत्तेचा अस्त होऊन अवघी तीन वर्षे लोटली होती.

बृहदीश्वराचे सुमारे दोनशे फूट उंचीचे शिखर कोणाचीही नजर खिळवून ठेवील. ट्राइपने त्याची भव्य दृश्ये घेतलीच. पण त्याच शिखराच्या पायथ्याशी कोरलेल्या चोळकालीन लेखांपुढेही तो थांबला. एकेक भाग टिपत त्याने एकवीस चित्रे जोडली आणि सुमारे एकोणीस फूट लांबीचा अखंड पट सिद्ध केला. याच मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला आहे. चोळांचे लेख हुल्टश् या पंडिताने १८९१ पासून प्रसिद्ध केले. त्याच्या तेहतीस वर्षे आधी एका कॅमेऱ्याने ती अक्षरे जपण्याजोगी मानली होती. शिखर दुरूनही दिसते; अक्षरांसाठी जवळ जावे लागते. खर्चाच्या सबबीवर गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी १८५९ साली हे सरकारी काम थांबविण्याचे ठरविले.

हा धडा कोरमंगलाच्या रहिवाशांस उपयोगी आहे. जेथे एके काळी येथले तळे होते, तेथे १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी क्रीडाग्राम उभे राहिले. केंपेगौडांच्या किल्ल्यासाठी आत्मबलिदान केल्याची आख्यायिका असलेल्या त्यांच्या सुनेचे, लक्ष्मीदेवीचे, स्मारक मात्र आजही येथे आहे. नंदीटेकडीवरील सूर्योदय आणि जोगचा धबधबा आपल्या संग्रहांत विपुल असतात. दारावरील मराठी पाटी, आजीच्या हातची पुरणयंत्राची मूठ, मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवाची हस्तलिखित पत्रिका यांची चित्रे किती घरांत सापडतील?

भव्य दृश्याचा मोह जरूर धरावा. डोंगर उद्याही तेथेच असतील. पत्रिकेवरील शाई मात्र फिकी होत जाते. शतकमहोत्सवी अंक काढणाऱ्या आपल्या नातवंडांना बंगळुरातील मराठी घर कसे होते हे पाहावयाचे असेल, तर ती चित्रे आपणच आज घेऊन ठेवावयास हवीत आणि प्रत्येकामागे नाव, स्थळ व साल लिहून ठेवावयास हवे.