मुंबईची सात बेटे
मुंबईची सात बेटे : कोकण किनाऱ्यावरील एक द्वीपसमूह. पूर्वी खाड्या व दलदली यांमुळे विलग असलेली ही बेटे भराव घालून पुढे एकसंध करण्यात आली. स्थान १८° ५५′ उ. व ७२° ५०′ पू. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम ही ती सात बेटे होत. त्यांपासून बनलेल्या दक्षिणोत्तर चिंचोळ्या भूभागावर मुंबई शहर जिल्हा वसला असून त्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती. ती २०११ मध्ये ३०,८५,४११ झाली.

भूवर्णन : बेटांचा खडक ज्वालामुखीजन्य, प्रामुख्याने बेसाल्ट आहे. पूर्वेस शिवडी, माझगाव व डोंगरी आणि पश्चिमेस वरळी, खंबाला व मलबार अशा टेकड्यांच्या दोन ओळी असून मलबार टेकडीची उंची सु. ५५ मी. आहे. या दोन ओळींमधील पट्टा सखल होता. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारातून भरतीचे पाणी त्यात शिरे आणि ओहोटीनंतर चिखल मागे राही. मलबार टेकडीच्या पायथ्याशी, पश्चिम किनाऱ्याला लागून गिरगाव वसले. जुन्या परिस्थितीच्या खुणा स्थलनामांत टिकून आहेत : पायधुणी येथे वाटसरू ओहोळात पाय धूत असत, असे सांगतात, उमरखाडीच्या नावात खाडी, खेतवाडीच्या नावात शेती व फणसवाडीच्या नावात बाग आहे.

इतिहास : कोळी हे येथील प्राचीन रहिवासी मानले जातात व त्यांच्या मुंबादेवीवरून बेटाचे नाव पडले, असे सामान्यतः समजतात. परळ येथे १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेले भव्य शैव शिल्प सु. सहाव्या शतकातील असून ते तेथील जुन्या वस्तीची साक्ष देते. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ च्या वसईच्या तहाने ही बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१ च्या विवाहकराराने ती इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास आंदण मिळाली. तथापि करारातील ‘मुंबई’ म्हणजे कोणकोणती बेटे, याविषयी वाद होऊन प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला. १६६८ मध्ये राजाने ती वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस दिली.

दलदलीमुळे बेटांची हवा रोगट मानली जाई. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दीत (१७७१–८४) महालक्ष्मी-वरळी खिंडार बांध घालून बंद करण्यात आले आणि मधला सखल पट्टा हळूहळू लागवडीखाली व वस्तीखाली आला. शीवचा बांधरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, कुलाब्याचा १८३८ मध्ये व माहीमचा १८४५ मध्ये पूर्ण झाला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे लोहमार्ग सुरू झाला.

ताडदेव येथील कावसजी दावर यांच्या कापडगिरणीपासून (१८५४ मध्ये स्थापना) गिरण्यांचा विस्तार सुरू झाला. परळ, लालबाग, चिंचपोकळी या भागांत गिरण्या व चाळी दाटीने उभ्या राहिल्या आणि कोकण व देशावरून आलेल्या कामगारांचे गिरणगाव तयार झाले. सधन वस्ती मलबार व खंबाला टेकड्यांवर आणि श्रमिक वस्ती मुख्यतः भरावाच्या सखल जमिनीवर, अशी विभागणी त्यातून झाली. परळ येथील गव्हर्नरांचे निवासस्थानही १८८० नंतरच्या दशकात मलबार टेकडीच्या टोकाला हलविण्यात आले. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. परळच्या त्याच जुन्या वास्तूत १८९९ मध्ये प्लेग संशोधनशाळा आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधारणा विश्वस्त मंडळाने दादर व माटुंगा येथे आखीव वसाहती वसविल्या. १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे सरकारी चाळी बांधण्यात आल्या.

जानेवारी १९८२ मधील सु. अडीच लाख कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा पुनर्विकास शक्य झाला. नियमावलीत २००१ मध्ये केलेल्या बदलामुळे मोकळ्या जागा व गृहनिर्माण यांच्या वाट्याला येणारी जमीन पुष्कळच घटली. या बदलाची वैधता सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केली. गिरण्यांच्या जागी उत्तुंग इमारती व कार्यालये आली. जमिनीची सखलता मात्र कायम राहिली. पर्जन्यजलवाहिन्यांची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने, साडेचार मीटरांहून मोठी भरती व अतिवृष्टी एकाच वेळी आल्यास पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. परळच्या हिंदमाता परिसरात पाणी तुंबण्याचे हे एक प्रमुख कारण होय. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर व ब्रिटानिया येथील उदंचन केंद्रे हे पाणी पंपांनी समुद्रात सोडतात.

समुद्र हटविण्याचे काम विसाव्या शतकात बॅक बेच्या किनाऱ्यावर चालू राहिले. मरीन ड्राइव्ह ते वरळी या सागरी किनारा मार्गासाठीही सु. १११ हेक्टर भराव घालण्यात आला असून मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. ज्या किनाऱ्यावर हॉर्नबीने बांध घातला, त्याच्याच बाहेरून हा मार्ग जातो. वरळीच्या कोळी मच्छीमारांनी नौकांच्या ये-जा करण्यासाठी मार्गाच्या पुलाच्या खांबांतील अंतर वाढविण्याची मागणी केली व ती मान्य झाली.