वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात गुलामांना मुक्त केलं, मग माउंट व्हर्ननचे निम्म्याहून जास्त लोक गुलामच का राहिले?

१४ डिसेंबर १७९९. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते. दुपारी त्यांनी पत्नी मार्था यांना दोन मृत्युपत्रं आणायला सांगितली. दोन्ही पाहिली, त्यातलं एक निरुपयोगी आहे म्हणून जाळायला लावलं आणि दुसरं जपून ठेवायला सांगितलं. त्याच रात्री ते गेले. हा प्रसंग त्यांचे सचिव टोबायस लिअर यांनी लिहून ठेवलाय.

जे मृत्युपत्र उरलं, त्यावर तारीख आहे ९ जुलै १७९९. वकील न घेता वॉशिंग्टन यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं. एकूण २९ पानं. प्रत्येक पानावर सही केली, फक्त २३व्या पानावर राहून गेली. वारसांमध्ये वाद झालाच तर कोर्टात न जाता तीन निःपक्षपाती माणसांनी निवाडा करावा, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

कोणाला काय मिळालं?

वॉशिंग्टन यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. मार्था यांच्या पहिल्या लग्नाच्या मुलांना आणि पुढे नातवंडांना त्यांनीच वाढवलं. पण जमीन मात्र होती ५० हजार एकरांहून जास्त, आणि तीही अनेक राज्यांत पसरलेली.

मार्था यांना बहुतेक सगळ्या मालमत्तेचा हयातीपुरता उपभोग मिळाला. त्यांच्यानंतर माउंट व्हर्ननचं घर पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टन यांच्याकडे जाणार होतं. ते सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होते. मार्था यांची नात नेली आणि नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस यांनाही जमिनी दिल्या. पाच पुतण्या-भाच्यांना एकेक तलवार मिळाली, पण अट अशी की स्वसंरक्षण, देश किंवा हक्कांच्या रक्षणाशिवाय ती म्यानातून काढायची नाही.

इथपर्यंत हे कुठल्याही मोठ्या जमीनदाराच्या मृत्युपत्रासारखंच आहे. खरा पेच गुलामांचा होता.

३१७ माणसं, मालक वेगवेगळे

१७९९ मध्ये वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्ननवरच्या गुलामांची यादी केली. एकूण ३१७. त्यातले १२३ वॉशिंग्टन यांच्या स्वतःच्या मालकीचे, १५३ कस्टिस घराण्याच्या इस्टेटीचे आणि उरलेले बहुतेक शेजाऱ्याकडून भाड्याने घेतलेले. माणसं भाड्याने मिळत, हे वाचायलाही जड जातं. त्या काळात तो रोजचा व्यवहार होता.

कस्टिस घराणं मध्ये कुठून आलं? मार्था यांचे पहिले पती डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करताच वारले. व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार अशा वेळी विधवेला इस्टेटीचा तिसरा हिस्सा मिळे, पण फक्त हयातीपुरता. तो विकायचा नाही, कोणाला द्यायचा नाही, आणि त्यातल्या गुलामांना मुक्तही करायचं नाही. तिच्यानंतर सगळं पहिल्या पतीच्या वारसांकडे. म्हणजे या १५३ जणांवर ना मार्था यांचा पूर्ण हक्क होता, ना वॉशिंग्टन यांचा.

त्यामुळे वॉशिंग्टन फक्त आपल्या १२३ जणांबद्दल लिहू शकले. त्यांच्यापैकी युद्धकाळात सोबत राहिलेला सेवक विल्यम ली लगेच मुक्त झाला आणि त्याला वर्षाला ३० डॉलर ठरवून दिले. बाकीच्यांची सुटका मार्था यांच्या मृत्यूनंतर. कारणही त्यांनी दिलंय: दोन्ही गटांत लग्नं झाली होती, आधीच सोडलं तर कुटुंबं तुटतील. पण या अटीने ताटातूट टळली नाही, फक्त पुढे ढकलली गेली.

म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना इस्टेटीतून अन्नवस्त्र द्यावं, अनाथ मुलांना २५ वर्षांपर्यंत लिहायला-वाचायला आणि काम शिकवावं, कोणालाही व्हर्जिनियाबाहेर विकू नये, अशा सूचनाही आहेत. इस्टेटीकडून ही मदत १८३३ पर्यंत चालू होती.

पुढे काय झालं?

आता विचार करा, १२३ लोकांची सुटका एका वृद्ध बाईच्या मरणावर टांगलेली आणि ती बाई त्यांच्याच मध्ये राहतेय. डिसेंबर १८०० मध्ये अबिगेल अ‍ॅडम्स माउंट व्हर्ननला आल्या होत्या. मार्था यांना आपला जीव सुरक्षित वाटत नाही, असं त्यांनी पत्रात लिहिलं. अखेर मार्था यांनी वाट न पाहता १ जानेवारी १८०१ पासून त्या सगळ्यांना मुक्त केलं.

पण मूल आईच्या मालकाचं, हा कायदा होता. सुतार आयझॅक वॉशिंग्टन यांच्या मालकीचा, म्हणून तो सुटला. त्याची बायको किटी कस्टिस इस्टेटीची, म्हणून ती आणि त्यांच्या मुली गुलामच राहिल्या. आचारी हर्क्युलस १७९७ मध्येच पळून गेला होता, त्यालाही कागदोपत्री स्वातंत्र्य मिळालं. त्याच्या मुलांना नाही.

मे १८०२ मध्ये मार्था वारल्या आणि कस्टिस इस्टेटीची माणसं चार नातवंडांमध्ये वाटली गेली. नातू कस्टिस यांच्या वाट्याला आलेल्यांपैकी काही जण त्यांच्या आर्लिंग्टनच्या मळ्यावर गेले. कस्टिस १८५७ मध्ये वारले. आपल्या गुलामांना पाच वर्षांच्या आत सोडावं, असं त्यांनीही मृत्युपत्रात लिहिलं होतं. ते अमलात आणायची जबाबदारी जावई रॉबर्ट ली यांच्यावर आली, जे पुढे यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती झाले. ली यांनी मुक्ततेच्या कागदावर सही केली डिसेंबर १८६२ मध्ये, वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर ६३ वर्षांनी.