सहाध्यायांपुढें वाचलेला निबंध

डॉक्टरेटचा प्रबंध म्हणजे एकट्या माणसाची तपश्चर्या, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. विद्यार्थी ग्रंथालयांत बसतो, मार्गदर्शकाला प्रकरणें दाखवितो, आणि शेवटीं परीक्षक निकाल देतात. परंतु मनुष्यसमाजाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचा इतिहास पाहिला, तर कांहीं निराळेंच दिसतें. लेखन अपुरें असतांनाच तें बरोबरीच्या माणसांपुढें वाचावें, त्यांचे आक्षेप ऐकावे आणि मग पुन्हां लिहावयास बसावें, ही रीत या शास्त्रांत फार दिवसांची आहे. मुंबईशीं तिचा संबंध जवळचा आहे. त्याचीच थोडी हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

सन १८८६ मध्यें मुंबईंत अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. एडवर्ड टिरेल लीथ हे तिचे संस्थापक. सभासदानें सभेंत निबंध वाचावा, आणि तो संस्थेच्या नियतकालिकांत छापला जावा, असा तिचा क्रम होता. पारशी विद्वान् जीवनजी जमशेटजी मोदी यांनीं दीर्घकाळ तिचें चिटणीसपद सांभाळलें, आणि तेथें वाचलेल्या आपल्या निबंधांचा संग्रह १९११ सालीं प्रसिद्ध केला. मोदी पारश्यांच्या चालीरीतींविषयीं बोलत, तेव्हां वर्ण्य समाजाचा माणूसच वक्ता असे. पण ज्या जातींना शाळेचें दारच बंद होतें, त्यांच्याविषयीं कोणीं चुकीचें विधान केलें, तर तें चूक आहे असें सांगावयास त्यांच्यापैकीं कोण येणार?

या प्रश्नाचें एक उत्तर पुढें न्यूयॉर्कमध्यें मिळालें. बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, पीएच.डी.ही पुढें त्याच विषयांत मिळाली. परंतु मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारांत, म्हणजे अध्यापक व विद्यार्थी यांच्या चर्चामंडळांत, ९ मे १९१६ रोजीं त्यांनीं भारतांतील जातींची रचना, उत्पत्ति आणि वाढ यांवर निबंध वाचला. त्यांना २५ वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं.

वक्ता अस्पृश्य गणलेल्या जातींत जन्मलेला. त्यानें स्वतःवरील अन्यायाची कहाणी सांगितली असती, तरी श्रोत्यांनीं ती सहानुभूतीनें ऐकली असती. आंबेडकरांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं आधीं पूर्वसूरींच्या व्याख्या तपासल्या. सेनार यांनीं विटाळाच्या कल्पनेवर भर दिला होता, नेसफील्ड यांनीं रोटीबंदीवर. रोटीबंदी हें जातीचें कारण नसून परिणाम आहे, असें आंबेडकरांनीं दाखविलें. मग ते श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ग्रंथाकडे वळले. ज्ञानकोशकार म्हणून पुढें महाराष्ट्राला परिचित झालेल्या केतकरांनीं, अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असतां, जातिसंस्थेचा इतिहास १९०९ सालीं प्रसिद्ध केला होता. जन्मानेंच मिळणारें सभासदत्व आणि जातीबाहेरील विवाहास मनाई, अशीं जातीचीं दोन लक्षणें त्यांनीं सांगितलीं होतीं. आंबेडकरांनीं केतकरांचा गौरव केला, आणि मग म्हटलें कीं हीं लक्षणें वस्तुतः एकच. बाहेर लग्न बंद केलें, कीं आंत जन्मलेल्यांखेरीज दुसरा कोणी सभासद होऊंच शकत नाहीं. एका मराठी विद्यार्थ्याचें लेखन दुसऱ्यानें आदरानें पण निर्भीडपणें कसें वाचावें, याचा हा नमुना होय.

या परीक्षणांतूनच त्यांचा स्वतःचा सिद्धांत निघाला. बेटीबंदी हाच जातीचा गाभा. गटांतच लग्नें व्हावयाचीं, तर लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पति किंवा पत्नी मरतांच तो तोल जातो, आणि मागें उरलेली व्यक्ति गटाला अडचणीची होते. सती, सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह या चाली तोल राखण्याचे उपाय म्हणून आल्या, असें त्यांनीं प्रतिपादिलें. इतकें करून आपलें मत अखेरचें नाहीं, युक्तिवादानें कोणीं तें पाडलें तरी आपल्याला संतोषच होईल, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं शेवटीं काढले. हा निबंध मे १९१७ मध्यें 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. जातिभेद-निर्मूलनावरील आपल्या १९३६ च्या पुस्तकांत तो मिसळून सगळें पुन्हां लिहावें, असा त्यांचा विचार होता. १९४४ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत, वेळ न मिळाल्यानें तें राहून गेलें, असें ते सांगतात. विद्यार्थिदशेंतील वाचन त्यांच्या मनांत इतकीं वर्षें जिवंत होतें.

मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग १९१९ सालीं पॅट्रिक गेडिस यांनीं सुरू केला, आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं तो वाढविला. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं म्हैसूरच्या एम. एन. श्रीनिवास यांनीं कुर्गी लोकांवर प्रबंध लिहिला. तीच माहिती घेऊन श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले. तेथें रॅडक्लिफ-ब्राउन यांनीं निराळे प्रश्न पुढें केले, सगळें नव्यानें लिहिलें गेलें, आणि १९५२ चा त्यांचा गाजलेला ग्रंथ तयार झाला. माहिती तीच होती; प्रश्न विचारणारा बदलतांच तिच्यांतून दुसरा अर्थ निघाला.

तो समाजशास्त्र विभाग आज उपनगरांत, सांताक्रूझच्या कालिना येथें आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४ पासून देवनारला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनीं प्रबंध सादर करण्यापूर्वीं तो विभागांत मांडण्याची अट घातली, आणि तें निवेदन इतर संशोधक विद्यार्थ्यांनाही खुलें ठेवलें. नियम चांगला आहे. पण तोपर्यंत सर्व प्रकरणें लिहून झालेलीं असतात. अशा वेळीं मूलभूत शंका काढणारा मित्र शत्रूसारखा वाटतो, आणि सभा उपचारापुरती उरते. मुलुंड-घाटकोपरहून किंवा बोरिवली-अंधेरीहून लोकलनें येणाऱ्या चार-पांच विद्यार्थ्यांनीं महिन्यांतून एकदां जमून एकेक कच्चें प्रकरण वाचलें, तर तीच शंका वेळेवर उपयोगीं पडेल. त्यास पैसा लागत नाहीं, परवानगीही लागत नाहीं.

अशा मंडळांत कोण बसतो, हेंही तितकेंच महत्त्वाचें. ज्यांच्याविषयीं लिहिलें आहे, त्यांच्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी तेथें आक्षेप घ्यावयास असावी. १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या त्या खोलींत असा एकच विद्यार्थी उभा राहिला, आणि जातीकडे पाहण्याची एक नवी दृष्टि शास्त्राला मिळाली. आजच्या आपल्या वर्गांतून असे अनेक विद्यार्थी बसलेले आहेत. त्यांचें प्रकरण पुरें होण्याआधींच तें ऐकावयास त्यांच्या सहाध्यायांनीं जमावें, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.